पेरोगी जाळ्यात!

लॉर्न ह्रिकाय मुलखाचा बोलघेवडा. म्हणजे आठ महिन्यांपूर्वीपर्यंत. सस्कॅचवान प्रांतातल्या एका चिमुकल्या गावाच्या रेडिओवर बावीस वर्षं त्याने बर्फावरच्या हॉकीचं धावतं वर्णन केलं. मग नैराश्य आलं आणि शब्द पसार झाले. चमचा मागायचा तर "ते... ढवळायचं" म्हणावं लागे. एखादा शब्द सापडलाच, तर तोही चार पावलांत एकाच ठिकाणी जाऊन थांबे. हिवाळा, मग बर्फ, मग गारठा, मग 'संपलं'.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, शब्द कुठे जात नाहीत, वाट बुजते. औषधांनी झोप आली, भूकही लागायला लागली. वाटेचं मात्र आज, आठ महिन्यांनंतरच्या पहिल्या सामन्यात, कळणार होतं. आज जमलं नाही तर माईक कायमचा सोडायचा, असं त्याने बायकोला बजावून टाकलं होतं.

बायको, डार्लीन, शेजारी खेळाडूंची यादी धरून बसली होती. पहिली दोन सत्रं त्याने यादीवर बोट ठेवत कशीबशी रेटली. तिसऱ्यात बरोबरी, शेवटचं मिनिट, आणि गावचा डॅनिलूक सुसाट सुटला.

"डॅनिलूक निघाला! त्याच्याकडे... त्याच्याकडे..."

काळी रबरी चकती डोळ्यांसमोर पळतेय आणि तिचं नाव येईना! डार्लीनने तोंड उघडलं. लॉर्नने हात वर करून तिला थांबवलं.

"त्याच्याकडे पेरोगी आहे!" तो ओरडला. "बटाटा भरलेली, उकडलेली, गरमागरम! एकाला चकवलं, दुसऱ्याच्या बोटांना चटका! अरे झारा आणा कुणीतरी, झारा! गोलकीपर आ वासून बसलाय, घे बाबा, खा... गेऽऽली! जाळ्याने अख्खी गिळली! वर कांदा, वर आंबट साय, वर माझ्या आईचं लोणी!"

खाली कानाला रेडिओ लावून बसलेले लोक बाकांवर चढून "पेरोगी! पेरोगी!" करत नाचू लागले. बटाट्यापासून लोण्यापर्यंत लॉर्न धावत आला होता आणि वाटेत 'संपलं' लागलंच नव्हतं. त्याला इतका आनंद झाला की रडूच फुटलं.

जाहिरात लागली. डार्लीन हसत, डोळे पुसत म्हणाली, "अरे मेल्या, पेरोगी काय? पक म्हणतात त्याला, पक!"

"माहितेय गं. तो केव्हाच आलाय. पण दारात बाकीच्या शब्दांची ही रेटारेटी, त्याला आत कोण येऊ देतंय?"