कलती मान

सलूनवाल्याचा दिवस दुसऱ्यांच्या माना सरळ करण्यात जायचा. "साहेब, मान सरळ," हे त्याच्या तोंडी बसलेलं. घरी मात्र पाच वर्षांच्या लेकीची मान कायम उजव्या खांद्याकडे कललेली असायची, आणि त्याला त्याचं भारी कौतुक. बायको अशीच मान कलती करून त्याचं बोलणं ऐकायची. ती गेली तेव्हा लेक तान्ही होती. आता पोरीला भरवताना त्याला वाटायचं, घरात बायको अजून थोडी शिल्लक आहे.

"अहो, हिची मान सारखी वाकडी असते. दाखवून घ्या," शाळेतल्या बाई म्हणाल्या.

"आईवर गेलीय," तो म्हणाला. पण बाईंनी पिच्छा सोडला नाही, तेव्हा एक दिवस त्याने दुकान बंद ठेवलं.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीची मान बोटांनी चाचपली. गाठ नव्हती, स्नायू आखडलेला नव्हता. एक्स-रेत मणकेही ठीक निघाले.

"झोपेत मान कशी असते?"

"सरळ. अगदी सरळ." रात्री तो झोपलेल्या पोरीकडेच बघत बसायचा; घरात दुसरं बघण्यासारखं होतं तरी काय?

"मग दोष मानेत नसावा," म्हणत त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

या डॉक्टरांनी पोरीचा डावा डोळा झाकला. मान आपसूक सरळ झाली. मग दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यांनी तिचं डोकं हाताने सरळ धरलं.

"आता किती डॉक्टर दिसतात?"

"दोन! एक वर, एक खाली," पोरगी खुदकन हसली.

"डाव्या डोळ्याचा एक स्नायू दुबळा आहे, बहुतेक जन्मापासूनच," डॉक्टर त्याला म्हणाले. "एकाचे दोन दिसू नयेत म्हणून ती मान कलती करते."

"म्हणजे ही आईची लकब नाही?"

"लकब कसली? पोरीने स्वतःच शोधलेला जुगाड आहे हा."

तो हसायला गेला, पण हसू ओठांवरच विरलं. डोळ्याच्या ऑपरेशनला मात्र त्याने लगेच होकार दिला.

ऑपरेशन चांगलं झालं. शेवटच्या तपासणीनंतर पोरगी ताठ मानेने उड्या मारत बाहेर आली. हे कुणाला तरी सांगावं म्हणून त्याने फोन काढला, सगळी नावं वरखाली केली आणि परत खिशात ठेवला. टॅक्सीत बसल्यावर त्याला राहवलं नाही.

"आमच्या पोरीची मान सरळ झाली हो."

"बरं झालं," टॅक्सीवाला म्हणाला. "कुठे सोडू?"