अंगणातली भिंत

मित्रांनो, मी पुठ्ठ्याचा एक जुना नमुना आहे. बांधायच्या वसाहतीचे छोटे रूप.

एका आर्किटेक्ट ताईने मला तीन महिने खपून घडवले. तळमजल्यावर दुकाने, दवाखाना, पाळणाघर. वर काही मोठी घरे, काही एका खोलीची. जुन्या वस्तीतले आणि नव्याने येणारे, सगळ्यांना अंगण मात्र एकच. "माणसांना एकमेकांना टाळताच येऊ नये," असे ताई म्हणे.

माझे फार लाड झाले. वस्तीतले निवृत्त पोस्टमन काका दर गुरुवारी येत. त्यांची दृष्टी गेली होती. ते बोटांनी मला वाचत. "घरातून निघालो, अंगण ओलांडलं, की दवाखाना. झकास!"

मग आराखडा मंजूर करायची सभा ठरली. त्या सकाळी ताईचे सर आले. त्यांनीच तिला हे काम शिकवले होते, ती नोकरीही त्यांच्याकडेच करत होती. मला वाटले, डागडुजी करतील. त्यांनी माझ्या अंगणात मधोमध भिंत चिकटवली! मी सुन्न झालो. ओरडणार कसा? पुठ्ठ्याला आवाज कुठला?

सभेत काकांची बोटे मध्येच अडली. "ताई, हे काय गं?"

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "सर, ही भिंत कुणी लावली?"

"मी. मोठी घरं घेणाऱ्यांना वेगळी वाट हवीय. बाकीच्यांनी मागून वळसा घालायचा."

"म्हणजे दवाखान्यात जायला मी हमरस्त्यावर उतरायचं?" काकांनी विचारले.

तेवढ्यात मोठे घर घेतलेली एक बाई उठली. "मला कुणी विचारलंच नाही! पाळणाघर पलीकडे गेलं की. बाळाला काय भिंतीवरून टाकू?"

ताईने भिंत ओढली. ती निघेना. जोर लावला तसे माझे अर्धे अंगण टरकन फाटून भिंतीसोबत गेले.

सभेने भिंत नाकारली आणि वसाहत भिंतीविना उभी राहिली. पण दुसऱ्याच दिवशी सरांनी ताईला कामावरून काढले. तिने पट्टी, पेन्सिली पिशवीत भरल्या. त्या धक्क्यातून मी अजून सावरलो नाही.

आता मी वसाहतीच्या वाचनालयात, कपाटावर धूळ खात असतो. मित्रांनो, मला खाली घ्या, पुसा, हवे तर हाताळा. माझे फाटलेले अंगण मात्र चिकटवू नका. कुणी विचारले, तर ते कुणी आणि का फाडले, तेवढे नीट सांगा.