न आलेले एक्केचाळीस

क्षयाच्या नव्या औषधाची चाचणी संपायला एकोणीस दिवस उरले होते आणि सहाशे बारा माणसांपैकी एक्केचाळीस माणसं गायब होती. सगळ्यांची शेवटची थुंकी तपासायची होती आणि ही मंडळी दवाखान्याकडे फिरकलीच नव्हती.

मी या चाचणीची संख्याशास्त्रज्ञ. म्हणजे मी औषध बनवत नाही, रोगीही तपासत नाही. औषधाने खरंच काही केलं की आपल्याला नुसतं तसं वाटतंय, एवढं सांगते. त्यामुळे माझं कुणाशी फारसं पटत नाही.

जुनं औषध सहा महिने घ्यावं लागतं, नवं चारच. कुणाला कुठलं मिळालं ती यादी सीलबंद होती, अगदी माझ्यापासूनही. आणि शेवटच्या तपासणीला जो आला नाही तो बरा झाला नाही असं धरायचं, हा नियम सुरुवातीलाच लिहिलेला होता. लिहिणारी मीच.

त्याला कारण बाबा. मी आठवीत असताना त्यांना क्षय झाला. तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला आणि त्यांनी गोळ्यांना रामराम ठोकला. "मी बरा झालोय. बऱ्या माणसाने दवाखान्यात काय करायचं?" वर्षभरात दुखणं उलटलं आणि एक फुप्फुस निकामी करून गेलं. आजही एक जिना चढताना ते दोनदा थांबतात.

"त्या एक्केचाळिसांना वगळा," आमचे मुख्य डॉक्टर म्हणाले. "उरलेल्यांवर निकाल काढू. कुणाला कळणार आहे?"

"मला."

"मग धरा नापास आणि व्हा मोकळ्या!"

"नियमाप्रमाणे धरीनच. पण अजून एकोणीस दिवस आहेत. तोवर शोधू."

डॉक्टरांनी हात टेकले. "तुम्ही फार आडमुठ्या आहात हो."

मी ते कौतुक मानलं आणि दवाखान्यातल्या सिस्टरांना गाठलं. निवृत्तीला चार महिने राहिलेल्या या बाईंकडे एक फाटकी वही होती. तिच्यात पत्ता बदललेल्यांच्या मेहुण्यांचे, घरमालकांचे, मुकादमांचे फोन होते. आम्ही दोघी त्यांच्या स्कूटरवरून निघालो. अकरा वर्षांच्या नोकरीत मी कुठल्याही चाचणीतला एकही माणूस पाहिला नव्हता. माझ्यासाठी ते सगळे पडद्यावरचे क्रमांक होते.

क्रमांक दोनशे सात सापडला एका अर्धवट इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, वेल्डिंग करताना. सिस्टरांनी खालून हाक मारली.

तो वरूनच ओरडला, "मी बरा झालोय, ताई! बऱ्या माणसाने दवाखान्यात काय करायचं?"

शब्द न् शब्द बाबांचा. माझं डोकंच फिरलं. मी धापा टाकत तीन मजले चढले आणि त्याच्यासमोर डबी धरली. "बरे झालात हे तुम्ही नाही ठरवायचं. थुंका यात!"

सगळे कामगार खो खो हसले. तो लाजला, पण थुंकला.

असे अडतीस जण सापडले. कुणी ट्रक चालवत होता, कुणी बाळंत झाली होती. बहुतेक जण आजारी होते म्हणून नव्हे, कामाला-संसाराला लागले होते म्हणून आले नव्हते. छत्तीस जणांच्या थुंकीत एकही जंतू निघाला नाही. दोघांत निघाला, त्यांचे उपचार त्याच दिवशी सुरू झाले. जे तिघे सापडलेच नाहीत, त्यांना मी नापास धरलं. नियम म्हणजे नियम.

मग सील उघडलं. जुन्या औषधाने तीनशे सहांपैकी दोनशे ऐंशी बरे झाले होते, नव्याने तीनशे सहांपैकी दोनशे त्र्याऐंशी. चार महिन्यांचं औषध सहा महिन्यांच्या तोडीस तोड! आणि त्या छत्तिसांतले सत्तावीस नव्या औषधाचे होते. त्यांना शोधलं नसतं, तर हे औषध माझ्याच नियमाने नापास झालं असतं.

डॉक्टरांनी भर बैठकीत टेबलावर थाप मारली. "या आडमुठ्या बाईंसाठी टाळ्या!" सिस्टर तर उभ्या राहून शिट्टी वाजवत होत्या. मला इतका आनंद झाला, की मीही स्वतःसाठी टाळ्या वाजवल्या.

घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं.

"म्हणजे मी तुझ्या त्या न आलेल्यांतला," ते हसत म्हणाले.

"हो, बाबा."

मग ते म्हणाले, "मला शोधायला कुणी आलं नव्हतं गं."