चार बोटं आखूड

मासेमारीच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर बसलं की माणसं आपोआप तोलली जातात. कोण हलक्या हाताचा, कोण जड हाताचा, कोण मासा न धरताच हातभर लांबीचा मासा सांगणारा. समोरच्या औषधाच्या दुकानातला कंपाउंडर माझ्या मनातल्या वहीत ‘कधी न चुकणारा’ या पानावर होता. अर्धी गोळी द्यायची तर तो ब्लेडनं कापतो आणि दोन्ही तुकडे तोलून बघतो. म्हणून त्या सकाळी तो पडद्याच्या कापडात काहीतरी लांबलचक गुंडाळून, कोटाची बटणं खालीवर लावून आत आला, तेव्हा मी चष्मा पुसून घेतला.

“वहिनी, आत कुणी गिऱ्हाईक नाही ना?”

“तुम्हीच आहात. काय झालं भाऊजी, तोंड का उतरलंय?”

त्यानं कापड सोडलं. मधासारख्या रंगाचा, सात फुटी रॉड. मी तो लगेच ओळखला. त्याच्या थोरल्या भावाचा, शिंपीदादाचा. शेंडा मोडून नायलॉनच्या तंगुसाला लोंबकळत होता आणि मोडलेल्या जागी पांढरी चिकटपट्टी गुंडाळली होती, जशी काही दोन दिवसांत जखम भरून येणार!

“विचारून घेतला होतात?”

मान आडवी हलली. दादा आठ दिवस लेकीकडे गेला होता आणि दोनच्या गाडीनं परत येणार होता. घड्याळात नऊ वाजले होते.

पाठच्या भावाचं शिक्षण पुरं व्हावं म्हणून दादा शाळा सोडून मशीनवर बसला, हे आमच्या गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवले. स्वतःच्या हौसेची वस्तू घेतली ती ही एवढीच. दर रविवारी रॉड घेऊन तो एकटा तळ्यावर जाई. घरात रॉड खुंटीवर असायचा आणि त्याला कुणी हात लावायचा नाही.

“मग तुम्हाला कुठली दुर्बुद्धी सुचली?”

“एकदा शिकून घ्यावं म्हटलं. मग सांगायचं, रविवारी मीही येतो. न शिकता गेलो असतो तर म्हणाला असता, कशाला लोढणं गळ्यात.”

आमचे हे मागे रीळ खोलून बसले होते. हात पुसत बाहेर आले. “फेकलंत काय?”

कंपाउंडरनं खिशातून आमिषाचा चकाकणारा पत्र्याचा मासा काढला. “दादाच्या डब्यातलाच आहे. त्याला तळ्याकाठी सापडलेला. अठ्ठावीस ग्रॅम,” तो म्हणाला. मोडतोड करतानाही वजन माहीत असलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

“मुठीच्या वर लिहिलंय की, दोन ते दहा ग्रॅम. वाचलं नाहीत?”

“वाचलं ना. मला वाटलं तो लहानांचा डोस. रॉड सात फुटी, पूर्ण वाढलेला. म्हटलं याला मोठा डोस चालेल.”

ह्यांना हसू आलं नाही. त्या कामाला घरात मी आहे.

“अहो, उंचीवर नसतं ते,” ह्यांनी समजावलं. “हा मऊ रॉड. छोटं रीळ, केसासारखं तंगूस, म्हणून आमिषही हलकंच लागतं. हलकं असलं की रॉड नीट वाकतो आणि त्याला लांब भिरकावतो. जड लावलं की मोडतो. आणि कडक रॉडला हलकं लावलं तर ते तुमच्या पायाशी पडतं. चौघांचं एकमेकांशी जमायला लागतं.”

“हा जोडता येईल?”

“चिरफाळलेलं कापून टाकतो, नवी कडी बसवतो. चार बोटं आखूड होईल.”

“दादाला कळेल?”

 शिंपीदादा समोरचा माणूस पायरी चढतोय तोवर त्याची बाही सांगतो.

एक वाजेपर्यंत कंपाउंडर चारदा येऊन गेला. एकदा विचारलं, गोंद वाळला का. मग, पंखा लावू का. तिसऱ्यांदा नुसताच उभा राहिला, आणि समोरच्या दुकानात एक बाई खोकत खोळंबली होती. शेवटी हे वैतागून म्हणाले, “जा, हाताला काहीतरी काम द्या.” तिथं आमचं चुकलं. त्यानं दिलं.

एक वाजता रॉड घेऊन जाताना त्यानं हात जोडले. “वहिनी, तुम्ही बोलायचं नाही.”

“नाही बोलणार.”

चार वाजता पायरीवर शिंपीदादा. गळ्यात टेप, एका हातात रॉड, दुसऱ्या हातात डबा. माझा चहा हातात निवला. उन्हानं रॉड आटतात असं ठोकून द्यावं का, इथवर माझी मजल गेली होती.

त्यानं काउंटरवर डबा ठेवला आणि उघडला. आत पंचवीसेक खोटे मासे, आणि प्रत्येकाच्या गळाला दोऱ्यानं बांधलेली औषधाच्या बाटलीची चिठ्ठी, मोत्यासारख्या अक्षरात. ‘३.८ ग्रॅम’. ‘६.१ ग्रॅम’. पत्र्याच्या मोठ्या माशावर लाल शाईनं: ‘देऊ नये’.

मी डोळे मिटून घेतले.

“वहिनी,” दादा म्हणाला, “याला आता किती ग्रॅम चालेल?”

त्या ‘आता’नं माझा शब्द गळून पडला. “पाच ते चौदा. शेंडा कडक झालाय.”

“हं.”

तो शेंडा बोटांवर तोलत उभा राहिला.  दारात विकायला टांगलेल्या जाळ्यांच्या पलीकडे मला पांढरा कोट दिसत होता, बटणं अजून खालीवरच. मी खुणेनं ‘पळा’ म्हटलं. कोट हलला नाही.

“एक मऊ रॉड काढा, पहिल्यासारखा,” दादा म्हणाला. “त्याला छोटं रीळ, बारीक तंगूस. लाल चिठ्ठीचा सोडून डब्यातलं सगळं त्याला चालेल, वजनं करून मिळालीच आहेत. आणि या आखूडला दहा-बारा ग्रॅमचे चार मासे द्या. दणकट बघा.”

“कुणासाठी?” मी उगाच विचारलं.

“आहे एक जड हाताचा.” मग मागे न वळताच आवाज चढवला. “जाळ्याआडून माझ्या पाठीचं माप काय घेतोस? आत ये. हात पुढे कर.”

कंपाउंडर आला. मास्तरांपुढे छडीसाठी धरावा तसा त्यानं हात पुढे केला, तळवा वर, डोळे घट्ट मिटलेले. दादानं गळ्यातली टेप काढली, कोपरापासून मनगटापर्यंत लावली, मग तीच रॉडच्या मुठीला लावली.

“मूठ लांब पडते तुला. मागून दोन बोटं कापू.”

“दादा, पुन्हा कापायचा?”

“मापात नको बसायला? रविवारी कोपराला टोचत बसेल.” त्यानं टेप पुन्हा लावली. “हलू नकोस रे, माप चुकतंय.”

 दादानं त्याचा हात मनगटाशी घट्ट धरला आणि तिसऱ्यांदा माप घेतलं.