बोर्काचा खण

मित्रांनो, मी काचेच्या दारांचे, पुस्तकांचे जुने कपाट आहे. आज माझा एकच खण उरला आहे. पूर्वी असे चार खण एकावर एक रचलेले होते.

बुडापेस्टच्या एका सुताराने मला घडवले. घरात पुस्तके वाढली की वर आणखी एक खण चढवायचा, अशी माझी रचना. लॅटिन शिकवणाऱ्या केलेमेन मास्तरांनी मला हौसेने वाढवले. सर्वांत खालचा खण त्यांच्या आईवेगळ्या लेकीचा, बोर्काचा. तिचा हात तिथवरच पोहोचे. दार वर उचलून ती धाडकन आत ढकलायची, आणि मास्तर म्हणायचे, "हळू गं, काच आहे ती."

मग युद्ध आले. शहराला वेढा पडला, कोळसा संपला, आणि त्या थंडीच्या कडाक्यात बोर्काला न्यूमोनिया झाला. मास्तरांनी खुर्च्या जाळल्या, टेबल जाळले. शेवटी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

शेजारच्या गिझीमावशी म्हणाल्या, "मास्तर, आधी ती व्याकरणं शेगडीत घाला. जन्मभर पोरांना घाम फोडलाय त्यांनी, आज जरा ऊब देऊ देत."

बोर्का खोकता खोकता हसली. "बाबा, माझा खण नको हं."

"नाही गं राणी. तुझ्या खणाला कोण हात लावतंय?"

व्याकरणे गेली, नकाशे गेले. मग कुऱ्हाड माझ्यावर आली. वरचे तिन्ही खण एकामागून एक शेगडीत गेले. आता हाही घ्या, असे मला सांगायचे होते. पण मला वाचा कुठली? मास्तरांनी लेकीला दिलेला शब्द पाळला. शेगडी विझली, आणि सकाळी बोर्का उठली नाही.

"तोही जाळला असता तर, गिझी?" मास्तरांनी विचारले.

"एका खणानं काय होणार होतं, मास्तर," मावशी म्हणाल्या, पण त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर मास्तर रोज माझी काच पुसत. दार मात्र त्यांनी कधीच उघडले नाही. एकदा मावशींची नात पिरोश्का काचेला नाक लावून म्हणाली, "आजोबा, ते अस्वलाचं पुस्तक द्या ना. लगेच आणून देते."

"तिची आहेत ती," मास्तर म्हणाले. पिरोश्काने पुन्हा कधी मागितले नाही.

मास्तर गेल्यावर मला माळ्यावर टाकले. ओलीने दार फुगून अडकले. आतली पुस्तके एकमेकांना चिकटली आहेत. अस्वलाच्या पुस्तकाला बुरशी लागली आहे.

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू जपा. पण एखाद्या मुलाने पुस्तक मागितले, तर त्याला नाही म्हणू नका.