बंद दिव्यातला उजेड

ताईचा फोन आला तेव्हा वायरमन एका दुकानाच्या माळ्यावर पालथा पडून तारा ओढत होता.

"धाकट्या, आमच्या व्हरांड्यातला दिवा बंद केला तरी पुरता विझत नाही रे. मिणमिणत राहतो. तुझे दाजी म्हणतात, त्यालाही माझ्यासारखी म्हातारपणी झोप येईना."

"एलईडी आहे ना, मग चालायचंच," तो म्हणाला. "तारेत कुठेतरी किंचित वीज झिरपते, तेवढीही त्याला पुरते. सवडीने येतो."

ही दुरुस्ती त्याच्या हातचा मळ होती. त्या वर्षात अशी आठ-नऊ घरं झाली होती. सवड मिळायला तीन आठवडे गेले. मग एका रविवारी सकाळी तो ताईकडे गेला, मेन स्विच खाली पाडला, स्टुलावर चढून दिव्याचं झाकण उघडलं आणि दोन तारांच्या मध्ये बोटाच्या पेराएवढा कपॅसिटर जोडून दिला. मेन वर केला, बटण दाबून बंद केलं. दिवा ठार काळा.

दाजी स्टूल धरून उभे होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. दुसऱ्याचं काम बघतानाही त्यांची बोटं आपोआप हलायची.

"हे काय बसवलंस?"

"झिरपणारी वीज हा गिळून टाकतो."

"पण झिरपते कुठून?"

"दाजी, काटा फिरायला लागला की झालं ना तुमचं?"

"छे," दाजी म्हणाले. "काटा का थांबला होता ते कळेपर्यंत मी झाकण लावत नाही. म्हणून तर आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या."

तिघंही हसले. टेस्टर वायरमनच्या खिशातच होता. बोर्डाला लावून बघायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण ताईने जेवायला हाक मारली आणि तो हात धुवायला गेला.

त्यानंतर चार महिन्यांनी एका दुपारी दाजींनी त्या दिव्यात साठलेले किडे काढायला घेतले. झाकण काढल्यावर एक तार ढिली दिसली असावी, कारण त्यांच्या हातात बारका स्क्रू-ड्रायव्हर होता. बटण त्यांनी बंद केलं होतं. एक हात व्हरांड्याच्या लोखंडी जाळीवर ठेवून ते स्टुलावर उभे होते. ताई स्वयंपाकघरात होती. धप्प आवाज ऐकून ती धावली तेव्हा दाजी फरशीवर होते आणि डोक्याखाली रक्त होतं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

वय झालं होतं, तोल गेला, असं सगळे म्हणाले. वायरमनही तेच म्हणाला. दवाखान्यात, स्मशानात, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्याने तेच सांगितलं.

पंधरा-वीस दिवसांनी ताई म्हणाली, "तो दिवा तसाच लोंबतोय. बघवत नाही. लावून टाक एकदाचा."

त्याने बटण बंद केलं आणि स्टुलावर चढला. हात घालण्याआधी सवयीने टेस्टर टेकवला. टेस्टर पेटला. बटण बंदच आहे ना, हे त्याने खाली उतरून पाहिलं, पुन्हा चढला, पुन्हा टेकवला. पुन्हा पेटला.

मग तो मेन बोर्डाकडे गेला. गेल्या उन्हाळ्यात मेन स्विच जळाला, तेव्हा तो कामासाठी परगावी होता आणि ताईने मिळेल त्या माणसाकडून नवा बसवून घेतला होता. त्या माणसाने फेज आणि न्यूट्रल, म्हणजे वीज आणणारी आणि परत नेणारी तार, उलटसुलट जोडले होते. तेव्हापासून घरातलं प्रत्येक बटण फक्त परतीची तार तोडत होतं. जिवंत तार बंद दिव्यांतही रात्रंदिवस उभी होती. तो मिणमिणता उजेड तेवढंच सांगत होता, आणि वायरमनने त्याचं तोंड बंद केलं होतं.

दोन तारांची अदलाबदल करायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. पिशवी भरून तो निघाला असता तर जगात कुणालाही कळलं नसतं. तो स्वयंपाकघरात गेला. ताई डाळ निवडत होती.

"ताई, दाजींचा तोल गेला नव्हता."

त्याने सगळं सांगितलं. आधी काय बघायला हवं होतं आणि का बघितलं नाही, तेही. ताईचा हात ताटात थांबला.

"ते म्हणाले होते," ती हळू म्हणाली. "पडल्यावर थोडी शुद्ध होती. करंट, करंट, असं दोनदा म्हणाले. मी म्हटलं, अहो, दिवा बंद आहे, आणि धाकट्याने दुरुस्त केलाय, करंट कुठून येणार? डॉक्टरांनीही विचारलं, विजेचा झटका वगैरे बसला का? मी सांगितलं, शक्यच नाही, माझा भाऊ वायरमन आहे."

वायरमनला बसायचं होतं, पण बसता येईना.

"जन्मात कधी वायफळ बोलले नाहीत ते," ताई म्हणाली. "आणि शेवटचा शब्द मी खोटा पाडला."

"ताई, मला बोल. काहीही बोल."

"काय बोलू? तुला बोलायला लागले तर मला स्वतःलाही बोलावं लागेल." तिने ताट बाजूला सरकवलं. "पोरीला सांगू नकोस. बाप गेला तिचा. एक मामा तरी राहू दे."

सांगितल्याने ओझं हलकं होईल असं त्याला वाटलं होतं. त्याचं ओझं तसूभरही कमी झालं नाही. तेवढंच ताईच्या डोक्यावर मात्र चढलं.

पुढच्या आठवड्यात तो त्या आठ-नऊ घरांत फिरला. आमची तर काही तक्रार नाही, असं लोक म्हणायचे आणि दारातच उभे राहायचे. तरी त्याने प्रत्येक बोर्ड उघडून टेस्टर लावला. एका घरात तारा उलट्या निघाल्या. त्याने त्या सरळ केल्या. घरच्या बाईने आभार मानले, ते त्याला ऐकवेनात.

ताईने घर बंद केलं आणि ती मुलीकडे राहायला गेली. भांडण झालं नाही. तो फोन करतो, ती उचलते, जेवलास का, विचारते आणि "घे, मामाशी बोल" म्हणून फोन मुलीकडे देते. तो भेटायला गेला की ती मुलीला समोर बसवून ठेवते. मागच्या खेपेला भाची काहीतरी आणायला दुकानात गेली आणि दोघं एकटेच उरले. ताई उठली, ओट्यावरची घासलेली भांडी तिने मोरीत घेतली आणि भाची परत येईपर्यंत पाठमोरी बसून ती पुन्हा घासत राहिली.