कसे यावे

खोलीत सहा शिलाई मशिनं होती, सहा बायका, दोन पंखे आणि एक खिडकी. दार एकच. फोटो काढायच्या आधी नीलमने सगळं मोजून घेतलं. ही सवय तिला भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागली होती. आता ती लहान संस्थांसाठी वेबसाइट करायची. तिचे नियम साधे होते: पानं मोजकी, अक्षर मोठं, खऱ्या माणसांचे खरे फोटो आणि पत्ता एका क्लिकवर.

हे शिवणकेंद्र लीलाबाईंचं, दिल्लीत आर. के. पुरमच्या बाजारामागे.

“ताई, माझा फोटो नको ना,” टोकाच्या मशिनवरची सलोनी म्हणाली. “पाहिजे तर मागून काढा.”

चेहरे दिसले की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो, असं नीलमने समजावलं.

“सासरीसुद्धा एवढी लाजली नसशील,” लीलाबाई म्हणाल्या. बाकीच्या हसल्या. सलोनीचं मशिन थांबलं. थोड्या वेळाने तिने मान वर केली आणि फोटो निघाला.

नीलम फोटोखाली नुसती नावं टाकणार होती. लीलाबाईंना ते अपुरं वाटलं.

“दिल्लीतला मराठी माणूस आधी गाव विचारतो, मग काम. गाव टाक, बेटा.”

म्हणून नावाखाली गाव आलं. सलोनी, उमरेड.

वेबसाइट कोण बघतं, कुठून बघतं, याची आकडेवारी नीलम कुतूहलाने चाळायची. सुरुवातीला सगळे दिल्लीचे होते. मग उमरेडजवळचं नागपूर दिसू लागलं. रोज एकच मोबाइल, आणि त्यावर दोनच पानं: ‘आमच्या शिवणाऱ्या’ आणि ‘कसे यावे’. आपलं काम लांबवर पोचलं म्हणून तिला आधी बरंच वाटलं.

एका सकाळी त्याच मोबाइलपुढे नागपूरच्या जागी फरीदाबाद आलं. नागपूरहून येणाऱ्या गाड्या फरीदाबादवरूनच दिल्लीत शिरतात. नीलमने लीलाबाईंना फोन लावून कुणी सलोनीची चौकशी केली का, असं विचारलं. हो, एका माणसाचा फोन आला होता, त्या म्हणाल्या. बहिणीचा ब्लाउज सलोनीकडूनच शिवून घ्यायचाय म्हणत होता. ती किती वाजता येते, असं विचारत होता.

“मी सांगितलं, दहा ते सहा. गोड बोलत होता गं. अच्छा माणूस वाटला.”

नीलमने ती दोन्ही पानं काढून टाकली आणि रिक्षा पकडली.

तिने सलोनीजवळ बसून हळू आवाजात सगळं सांगितलं. सलोनीने कोण, का, काहीच विचारलं नाही.

“फरीदाबाद इथून किती लांब, ताई?”

“तासाभरावर.”

सलोनीने हातातल्या कुर्त्याची उरलेली दुमड शिवली, दोरा दातांनी तोडला. कुर्ता घडी घालून ठेवला, मशिनवर कापड टाकलं आणि कात्री लीलाबाईंच्या हातात दिली. आता लीलाबाईंनाही कळलं होतं. त्यांनी तिचं मनगट धरलं. थांब, म्हणाल्या, आम्ही एवढ्या जणी आहोत, कोण काय करतो बघू.

“नागपूरला पण सगळे हेच म्हणाले होते, मावशी.”

कुठे जाणार, ते तिने सांगितलं नाही. मला सांगू नकोस म्हणजे कुणी विचारलं तरी अडचण नाही, असं नीलमच म्हणाली होती. दारात सलोनी थांबली. बाहेरची गल्ली दोन्ही बाजूंनी बघून घेतली.

“ताई, फोटो चांगला आला होता माझा,” ती म्हणाली.

लीलाबाई दाराला कडी लावून आल्या. पाच मशिनं पुन्हा सुरू झाली, पण एकसारखी चालेनात.

संध्याकाळी नीलमने आकडेवारी उघडली. काढलेल्या पानांच्या जागी तिने एक ओळ ठेवली होती: हे पान आता उपलब्ध नाही.

ती ओळ नऊ वेळा उघडली गेली होती. मोबाइल: एक. ठिकाण: नवी दिल्ली.